कोरडी मेल म्हणजे रागावलेली मेल का?

खटपट्या:
कामाच्या मेल्सबद्दल एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे, म्हणून धागा काढतोय.

आमच्या प्रोजेक्टचं डिझाइन जर्मन टीमकडे, क्लायंट जपानी, आणि मधे निरोप पोचवायला आम्ही. परवा जर्मनीहून मेल आली. मराठीत सांगायचं तर ऐवज एवढाच: "तिसऱ्या पानावरचा तक्ता चुकीचा आहे. गुरुवारपर्यंत दुरुस्त करून पाठवा." ना 'बाकी काम छान झालंय', ना 'जमेल तसं बघा'. टीममधली नवी मुलगी दिवसभर तोंड पाडून बसली. दुसऱ्या दिवशी कॉलवर तोच माणूस हसतखेळत बोलत होता. तिला वाईट वाटलं असेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या टोकाला आमचा जपानी क्लायंट. त्यांची मेल इतकी गोड आली की साहेबांनी प्रस्ताव मंजूर झाल्याचं जाहीरच करून टाकलं. तेव्हापासून आम्ही अप्रूव्हलची वाट बघतोय.

माझं मत असं की प्रत्येकाच्या रीतीभाती सांभाळत बसलो तर काम कधी करायचं? एकच साधी, सरळ पद्धत ठरवावी आणि सगळ्यांना तशीच मेल पाठवावी. तुम्ही काय करता? वेगवेगळं लिहिता की एकच?

टंकाळा:
वाचतोय.

मधुमालती:
त्या मुलीला सांगा की ती मेल तक्त्याबद्दल होती, तिच्याबद्दल नव्हती. जर्मन मंडळींच्या लेखी चूक दाखवणं हे कामाचाच भाग आहे. त्याला साखर लावली तर उलट त्यांना कळत नाही, की हे दुरुस्त करायचंय की नुसती गंमत म्हणून सांगितलंय.

पण 'कोरडी' म्हणजे 'अघळपघळ' असं मात्र समजू नका. मजकूर रोखठोक असला तरी मायना चोख लागतो. ओळख नसेल तर 'झेअर गेएर्टे फ्राउ', म्हणजे 'आदरणीय श्रीमती', आणि आडनाव. डॉक्टरेट असेल तर 'डॉक्टर' गाळायचं नाही. थेट पहिल्या नावाने हाक मारून सुरुवात केलीत तर खपून जाईलही, पण जुन्या वळणाच्या कंपनीत भुवया उंचावतील. 'झी'वरून 'डू'वर, म्हणजे अहोवरून अरेवर यायचं ते वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने सुचवल्यावर. आता बऱ्याच कंपन्यांत पहिल्या दिवसापासून 'डू' चालतं, हेही खरं.

आणि सहीखाली कंपनीचा नोंदणी क्रमांक, कोर्टाचं नाव, संचालकांची नावं असा पसारा दिसला तर तो भपका नव्हे. कंपन्यांच्या व्यावसायिक मेलमध्ये ही माहिती देणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, २००७ पासून.

उंटावरचा शहाणा:
यालाच एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये 'हाय कॉन्टेक्स्ट' आणि 'लो कॉन्टेक्स्ट' संस्कृती म्हटलं होतं. एका प्रकारात बरंचसं न बोलता समजून घ्यायचं असतं, दुसऱ्यात जे लिहिलंय तेवढंच खरं. जपान पहिल्यात, जर्मनी दुसऱ्यात. आपण पहिल्यातच, पण आपली इंग्रजी मेल दुसऱ्यात असल्याचा आव आणते.

ढब्बू पैसा:
झालं, आले सिद्धांत.

माझा या सगळ्या 'संस्कृती' प्रकरणावर फारसा विश्वास नाही. मेलची लांबी ठरते हुद्द्यावरून. कुठल्याही देशातला मोठा साहेब घ्या, तो 'ओके' लिहितो आणि मोकळा होतो. त्याला उत्तर देणारा चार ओळी 'आपल्या मार्गदर्शनाबद्दल' लिहितो. खटपट्या, तुमच्या त्या जर्मन माणसाने स्वतःच्या डायरेक्टरला अशी दोन वाक्यांची मेल पाठवली असती का? तुम्ही पुरवठादार आहात म्हणून तो तसं लिहू शकला. राग नसेल, पण वजन आहे.

मधुमालती:
@ढब्बू पैसा, पाठवली असती. मी पाहिलंय. मीटिंगमध्ये ज्युनियर इंजिनियर डायरेक्टरला "हा आकडा बरोबर नाही" म्हणतो आणि डायरेक्टर कागद पुढे ओढून बघतो. मायन्यात मात्र त्याचं 'डॉक्टर' कोणी विसरत नाही.

ढब्बू पैसा:
बघण्यात आणि मेलवर, सगळ्यांना सीसी ठेवून लिहिण्यात फरक आहे ताई.

अर्धवटराव:
डच लोकांबरोबर काम करून बघा, मग जर्मन लोक लाजाळू वाटायला लागतील. आणि ब्रिटिश बाई मेलमध्ये "हे कदाचित पुन्हा एकदा बघायला हरकत नसावी" म्हणते ना, तेव्हा हातातलं काम टाकून तेच आधी बघायचं. डच माणूस ते वाचतो आणि म्हणतो, हरकत नसावी म्हणजे माझी मर्जी, मग नाही बघत. दोघे एका प्रोजेक्टवर असले की मी नुसती करमणूक म्हणून मेल ट्रेल वाचतो.

शब्दवेल्हाळ:
जपानी कंपन्यांबरोबर बरीच वर्षं काम करतेय, म्हणून जरा लांबण लावते.

त्यांच्या मेलचा साचा ठरलेला असतो. सुरुवातीला समोरच्याच्या कंपनीचं पूर्ण नाव, मग विभाग, मग आडनाव आणि पुढे 'सामा', म्हणजे आदरार्थी 'साहेब'. त्यानंतर 'ओसेवा नी नात्ते ओरिमासु', म्हणजे आपला लोभ आहेच, अशा थाटाचं वाक्य. मग स्वतःची ओळख, जरी कालच अर्धा तास बोलणं झालेलं असलं तरी. मग मुद्दा, छोट्या छोट्या ओळी तोडून. आणि शेवटी 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु', म्हणजे कृपया लक्ष असू द्या, अशा थाटाचं. इंग्रजीत लिहिताना हेच सगळं भाषांतर होऊन येतं आणि आपल्याला वाटतं, किती प्रेमाने लिहिलंय! या ओळी सगळ्यांना जातात. त्यांवरून तुमच्या प्रस्तावाचं भवितव्य ठरवू नका.

खटपट्या, तुमच्या साहेबांना जी मेल आली तिच्यात "आम्ही यावर विचार करू" असं काहीतरी होतं का? असणारच. त्याचा अर्थ 'नाही' असू शकतो. पण दर वेळी नाहीच असतो असंही नाही, आणि इथे बाहेरचे लोक घाई करतात. त्यांच्याकडे पुष्कळ जुन्या कंपन्यांत निर्णय खालून वर जातो. आधी 'नेमावाशी', म्हणजे संबंधित प्रत्येकाला वेगवेगळं गाठून कानावर घालून ठेवायचं, कुणाचा विरोध असेल तर तिथेच मिटवायचा. मग 'रिंगी', म्हणजे प्रस्तावाचा कागद टेबलाटेबलावरून फिरतो आणि त्यावर एकेकाचा शिक्का पडतो. हल्ली हे कॉम्प्युटरवर होतं, पण फिरणं तेच. तुम्हाला मेल लिहिणाऱ्या माणसाला 'हो' म्हणायचा अधिकारच नसतो बिचाऱ्याला. तुम्ही "अप्रूव्हल कधी?" विचारत राहिलात की तो आणखी गोड लिहितो, कारण त्याच्या हातात तेवढंच आहे.

त्याऐवजी विचारा, "तुमच्या आतल्या मंजुरीसाठी आमच्याकडून कुठली माहिती लागेल, आणि कोणत्या तारखेपर्यंत?" कागद फिरत असेल तर तीनचार दिवसांत प्रश्नांची यादी येते, तीही अगदी बारीकसारीक. यादी आली की खुशाल समजा, काम चालू आहे. नुसतीच पुन्हा गोड मेल आली तर समजून घ्या.

अर्धवटराव:
म्हणजे 'पत्रिका बघून कळवतो'च की. उगाच तिकडे जपानला गेलो.

चिमणराणी:
=))  हसून हसून पुरेवाट

खटपट्या:
@शब्दवेल्हाळ, दंडवत. मेल पुन्हा काढून वाचली. शब्दशः 'विल कन्सिडर पॉझिटिव्हली' आहे. साहेबांनी त्यातला 'पॉझिटिव्हली' तेवढा घेतला.

तिसरी घंटा:
मला हा सगळा धागा जरा खटकतोय. 'जर्मन असे, जपानी तसे' म्हणताना आपण एकेका माणसाला झेंडा चिकटवतोय. माझी जपानी टीम तिशीच्या आतली आहे, सॉफ्टवेअरवाली. चॅटवर अंगठा दाखवतात आणि कामाला लागतात. दुसरीकडे एका अमेरिकन लॉ फर्मची मेल मी वाचली, तिच्यापुढे कुठलाही जपानी मायना फिका पडेल. धंदा कोणता, कंपनी किती जुनी, माणूस किती वर्षांचा यानेही तितकाच फरक पडतो. आपल्याकडेच बघा, सरकारी खात्याला जाणारी मेल आणि स्टार्टअपची मेल एकाच देशातल्या वाटतात का?

शब्दवेल्हाळ:
मान्य. मी जे लिहिलं ते मोठ्या, जुन्या कंपन्यांपुरतं. अनोळखी माणसाला पहिली मेल लिहायची तर कुठल्या तरी अंदाजाने सुरुवात करावी लागते, एवढंच. त्याचं उत्तर आलं की अंदाज सोडायचा आणि तो जसा लिहितो तसं लिहायचं. त्याने पहिलं नाव लिहून सही केली की आपणही पहिल्या नावावर यायचं.

राघू:
नावावरून आठवलं. जपानी, चिनी, कोरियन, झालंच तर हंगेरियन लोकांत आडनाव आधी. पण इंग्रजीत लिहिताना काही जण उलटवतात, काही नाही. त्यामुळे आडनाव कुठलं हेच कळत नाही. सहीत एखादा शब्द सगळा कॅपिटलमध्ये असेल तर ते आडनाव समजा, फ्रेंच आणि जपानी लोक बरेचदा तसं लिहितात. आइसलँडमध्ये तर आडनाव म्हणजे 'अमक्याचा मुलगा, अमकीची मुलगी', तिथे राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक.

आणि आपल्याकडून जाणारं ते 'रिस्पेक्टेड सर' बंद करा रे कोणीतरी. समोर बाई असते निम्म्या वेळा.

चिमणराणी:
ब्राझीलच्या लोकांचा विषय निघाला नाही अजून! थोडी ओळख झाली की मेलच्या शेवटी 'अब्रासोस', म्हणजे मिठ्या. आमच्या अकाउंट्सवाल्या काकांना इन्व्हॉइसच्या चौकशीखाली मिठ्या आल्या, ते मेल प्रिंट करून सगळ्यांना दाखवत होते. घाईत असले तर नुसतं 'अब्स'. त्यापेक्षाही घाईत असले तर मेल नाहीच, थेट व्हॉट्सॅपवर आवाजी निरोप, तोही ऐसपैस.

आणि रशियन सहकाऱ्याच्या वाक्याच्या शेवटी नुसते बंद कंस दिसले, असे ))) तर टायपिंगची चूक समजू नका. ते हसू आहे, डोळे गाळून.

निशाचर:
वेळेचं कोणी बोललं नाही. मी रात्री अकराला मेल टाकतो, कारण तेव्हा डोकं चालतं. फ्रान्समधल्या सहकारी बाईंनी अगदी सभ्यपणे कळवलं, की तुमची मेल सकाळी नऊनंतर वाचली जाईल आणि कृपया ती सकाळीच पाठवत जा. तेव्हा राग आला होता, आता मी शेड्यूल करून ठेवतो. तिथे २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर मेलपासून लांब राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा आहे. पन्नास आणि त्याहून जास्त माणसांच्या कंपन्यांनी त्याबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करायची असते. पोर्तुगालने २०२१ मध्ये मालकाने कामाच्या वेळेबाहेर संपर्कच करू नये असा नियम केला, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क आला.

मधुमालती:
फोक्सवॅगनने २०११ मध्येच जर्मनीतल्या काही कर्मचाऱ्यांसाठी शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासाने कंपनीच्या फोनवर मेल पोचवणं बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या अर्धा तास आधी पुन्हा चालू. वरिष्ठ व्यवस्थापक त्यात नव्हते. मर्सिडीज बनवणाऱ्या तेव्हाच्या डाइमलरची सोय त्याच्याही वरताण: सुट्टीवर असताना आलेली मेल आपोआप डिलीट, आणि पाठवणाऱ्याला उत्तर, की तुमची मेल काढून टाकली आहे, तातडीचं असेल तर अमक्याला लिहा.

ढब्बू पैसा:
"वरिष्ठ व्यवस्थापक त्यात नव्हते." हेच म्हणत होतो मी. :-)

निशाचर:
ही डाइमलरची सोय मिळवायला काय करावं लागतं?

टंकाळा:
डाइमलरमध्ये नोकरी.

हिशेबनीस:
अवांतर वाटेल, पण माझ्या मते मायन्यापेक्षा तारखा आणि आकडे जास्त घात करतात. ०४/०५ म्हणजे आपल्याला चार मे, अमेरिकन माणसाला पाच एप्रिल. दोघेही समंजस, दोघेही सभ्य, आणि माल महिनाभर इकडेतिकडे. वर्ष-महिना-दिवस असं लिहायचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे, पण मेलमध्ये सरळ महिन्याचं नाव अक्षरात लिहिणं सगळ्यात बरं.

जर्मन लोक आठवड्याचा क्रमांक देतात: 'आठवडा ३२ मध्ये डिलिव्हरी'. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात पडतो तो पहिला. हे माहीत नसेल तर आपण एक आठवडा मागेपुढे होतो. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये आठवडा क्रमांक दाखवायची सोय असते, ती चालू करून ठेवा.

आकड्यांत तर कहरच. त्यांचं १.५०० म्हणजे दीड हजार, आपण दीड वाचतो. आणि आपण १,५०,००० लिहिलं की समोरचा विचारतो, मधला एक शून्य राहिला का?

राघू:
आखाती देशांचा शुक्रवारही लक्षात ठेवा. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी, एमिरेट्सच्या सरकारने मात्र २०२२ पासून शनिवार-रविवार केली आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शेजारी देश, पण 'सोमवारी सकाळी पहिलं काम हेच' या वाक्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा.

तिसरी घंटा:
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? एकच पद्धत ठेवावी की वेगवेगळी? त्यात आता एक नवीन भर पडली आहे. सगळेच मेल एआयकडून घासूनपुसून घेतात. परवा मला आठ ओळींची मेल आली, 'आपण कुशल असाल अशी आशा' वगैरेसकट, आणि तिच्यात विचारलेलं काय, तर फाइल कुठल्या फॉर्मॅटमध्ये हवी. पूर्वी मेलवरून माणूस घाईत आहे, नाराज आहे, की नवीन आहे एवढं तरी कळायचं. आता सगळे एकाच सुरात नम्र. खटपट्या म्हणतात ती 'एकच पद्धत' आपोआप येतेच आहे, पण तिने गैरसमज कमी झालेत असं मला तरी दिसत नाही.

खटपट्या:
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आता प्रत्यक्षच मदत करा. जपानी क्लायंटला उशीर होणार असल्याचं कळवायचंय. माझा मसुदा, मराठीत देतो:

"टेस्टिंगमध्ये एक अडचण आल्यामुळे डिलिव्हरी थोडी पुढे जाईल. लवकरात लवकर कळवतो. तसदीबद्दल क्षमस्व."

हीच मेल जर्मन टीमलाही पाठवणार आहे.

हिशेबनीस:
'थोडी' म्हणजे किती? 'लवकरात लवकर' म्हणजे कधी?

मधुमालती:
जर्मन माणूस हे वाचून फोन उचलेल आणि हेच दोन प्रश्न विचारेल. क्षमस्व नाही लिहिलंत तरी चालेल. कुठला मॉड्यूल अडला, नवी तारीख काय आणि त्याच्या कुठल्या कामावर परिणाम होणार, हे लिहा.

शब्दवेल्हाळ:
जपान्यांसाठी क्षमस्व शेवटी नको, वर हवं, मुद्द्याच्या आधी. मग काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करताय आणि नवी तारीख. 'पुन्हा होऊ नये म्हणून' हा भाग आपण हमखास गाळतो आणि ते तोच शोधतात. रिंगीचा कागद फिरत असेल तर तुमच्या माणसाला तो परिच्छेद उचलून आत दाखवावा लागेल, तेव्हा त्याच्या कामी येईल असा लिहा.

खटपट्या:
असं?

"नियोजित तारखेला डिलिव्हरी देऊ शकत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. रिपोर्टच्या मॉड्यूलमध्ये जुन्या फाइल्स उघडताना तारखा चुकत आहेत. कारण सापडलं आहे: आमच्या टेस्टिंगमध्ये जुन्या फाइल्स घेतल्याच नव्हत्या. यापुढे प्रत्येक चाचणीत त्या असतील. नवी तारीख शुक्रवार, २१ ऑगस्ट. इतर मॉड्यूल्सच्या तारखा बदलत नाहीत."

जर्मन टीमला पहिलं वाक्य काढून हेच.

मधुमालती:
उत्तम. पहिलं वाक्य ठेवलंत तरी कोणी मारणार नाही.

तिसरी घंटा:
म्हणजे मजकूर एक आणि मायना वेगळा. तुमचं अर्धं म्हणणं राहिलं की.

खटपट्या:
अर्धं राहिलं, तेवढं पुष्कळ. साहेबांचं 'मंजूर' मात्र परत घ्यावं लागणार, ते कोण सांगणार हा प्रश्न आहे.

ढब्बू पैसा:
ही दिलगिरी कुणाच्या सहीने जाणार ते आधी सांगा. तुमच्या सहीने गेली तर ती माहिती. साहेबांच्या सहीने गेली तर ती दिलगिरी.

शब्दवेल्हाळ:
ढब्बूराव, या एका बाबतीत शंभर टक्के सहमत. उशिराची मेल साहेबांच्या नावाने जाऊ द्या, आणि जाण्याआधी तुम्ही तुमच्या तिथल्या माणसाला फोन करून सांगून ठेवा. मेल उघडून त्याला धक्का बसता कामा नये. सीसीत नावं हुद्द्याच्या क्रमाने घाला, मोठे आधी. ते बघतात.

खटपट्या:
फोन केला, त्याने तीनदा आभार मानले. आता एकच अडचण. आमच्याकडे साहेब दोन आहेत, एकाच हुद्द्याचे. सीसीत कुणाचं नाव आधी?

ढब्बू पैसा:
यावर वेगळा धागा काढा.